मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, पुढे काय?

निळीशाई
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज वेळ काढून बसलेच. मी आधी बारा वर्षं वॉर्डात नर्स होते आणि गेली आठ वर्षं नर्सेस, आरोग्यसेविका, घरी जाऊन सेवा करणाऱ्या केअरटेकर, सोशल वर्कर अशा सगळ्यांना मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग देते. त्यातली सुरुवातीची तीनेक वर्षं मी ते चुकीच्या पद्धतीने दिलं, धागा त्याबद्दलच आहे.

तेव्हा माझं ट्रेनिंग म्हणजे सत्तर-ऐंशी स्लाईड्स. डिप्रेशनची लक्षणं, चिंतेचे प्रकार, स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, कोणाला कुठे पाठवायचं. सकाळी एक टेस्ट, संध्याकाळी तीच टेस्ट परत, मार्क वाढलेले दिसायचे आणि सगळे खूश होऊन घरी. मग एकदा ट्रेनिंग होऊन दोन महिने झाल्यावर त्याच ठिकाणी दुसऱ्या कामाने जाणं झालं. जिला सगळ्यात जास्त मार्क होते त्या सिस्टरच्या टेबलाशेजारीच मी बसले होते. एक बाई बीपी तपासायला आल्या. हात पुढे करून म्हणाल्या, "सिस्टर, हल्ली कशातच मन लागत नाही हो." सिस्टरने बीपीचा पट्टा गुंडाळत, वर न बघता सांगितलं, "फार विचार करू नका, कशात तरी मन रमवा." बाई "बरं" म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या.

लक्षणांची सगळी यादी तिला तोंडपाठ होती. त्यातलं पहिलंच लक्षण साध्या भाषेत तिच्यासमोर येऊन बसलं होतं आणि ते तिला ऐकूच आलं नाही. सिस्टर मनाने चांगली आहे, रुग्णांसाठी जीव टाकते. पण असं वाक्य आलं की आपण पुढचं वाक्य काय बोलायचं हे मी तिला शिकवलंच नव्हतं. तिला एकदाही ते तोंडाने बोलून बघायला लावलं नव्हतं.

तर मला वाटतं की मानसिक आरोग्य हा विषय पोहण्यासारखा आहे, काठावर बसून ऐकून येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी असं ट्रेनिंग घेतलंय किंवा दिलंय, किंवा जे कधीतरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पाऊलवाट
ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी सोशल वर्कर आहे, माझी अशी सहा सर्टिफिकेटं फाईलला लागली आहेत. सहातल्या पाच ट्रेनिंगमध्ये मी दिवसभरात तोंड उघडलं ते फक्त नाव सांगायला.

एक प्रश्न. ट्रेनिंगचं नाव असतं "मानसिक आरोग्य संवर्धन" आणि आत शिकवतात फक्त आजार. संवर्धन म्हणजे नक्की काय करायचं हे कोणी सांगतच नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं आजारी नसतात, थकलेली असतात, एकटी पडलेली असतात, कोणाच्या घरात भांडणं, कोणाचं काम सुटलेलं. त्यांच्यासाठी मी काय करायचं?

निळीशाई
पाऊलवाट, फार महत्त्वाचा प्रश्न, थोडं लांबलचक लिहिते.

१९८६ मध्ये ओटावाला आरोग्य संवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे संवर्धनाची जी व्याख्या झाली ती साधारण अशी, की लोकांचा स्वतःच्या आरोग्यावरचा ताबा वाढेल असं काही करणं. म्हणजे आपण त्यांच्यासाठी काही करून टाकायचं असं नाही, त्यांच्या हातात काही यायला हवं. आणि दुसरं, कोरी कीज नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ मध्ये मांडलं की मानसिक आजार आणि मानसिक आरोग्य ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. आजार नसलेला माणूससुद्धा आतून पार कोमेजलेला असू शकतो आणि स्किझोफ्रेनियाची गोळी रोज घेणारा माणूस काम, मित्र, आवडीनिवडी सगळं सांभाळून छान जगू शकतो. मी हे फळ्यावर दोन रेघा काढून दाखवते तेव्हा वर्गात एकदम शांतता होते, कारण प्रत्येकीला आपल्या ओळखीचा कोणीतरी आठवतो.

आता तुमच्याकडे येणारी ती थकलेली, एकटी माणसं. त्यांच्याशी बोलताना "तुम्हाला काय होतंय" याच्या जोडीला "आधी अशी वेळ आली होती तेव्हा कशाने निभावलं", "कोणाशी बोललं की बरं वाटतं", "दिवसातली कुठली वेळ त्यातल्या त्यात बरी जाते" हे विचारायला शिकवणं, हे संवर्धन. बाळंतिणीला भेटायला गेल्यावर बाळाचं वजन घेतो तसं तिची झोप किती होते आणि रात्री बाळाला घेणारं दुसरं कोण आहे हे विचारणं, हेही संवर्धन. सल्ला सगळ्यात शेवटी, तोही विचारून.

डॉ_तळटीप
जनरल प्रॅक्टिस करतो. धागा आवडला, पण थोडी दुसरी बाजू मांडतो. ऐकून घ्या वगैरे ठीक आहे, पण माझ्या ओपीडीत एका पेशंटला चार-पाच मिनिटं मिळतात. बाहेर रांग असते. ज्याला तुम्ही दुर्लक्ष म्हणताय ते बरेचदा निव्वळ वेळेचं गणित असतं. ट्रेनिंग देणारे हे लक्षात घेत नाहीत आणि मग आम्हाला नुसतं अपराधी वाटत राहतं, उपयोग काही होत नाही.

निळीशाई
डॉक्टर, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आणि मी तो आता ट्रेनिंगच्या पहिल्या तासातच घेते. वेळ नसणं ही खरी अडचण आहे, ती कोणाच्या मनाच्या मोठेपणाने सुटत नाही, त्यासाठी माणसं वाढवावी लागतात.

तरी एक सांगते. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटच्या भेटी टेप करून ऐकल्या होत्या, त्यात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मध्येच तोडत होते. मी वर्गात घड्याळ लावून हे करून घेते. जोड्या पाडायच्या, एकीने दोन मिनिटं आपल्या कामातला कुठलाही त्रास सांगायचा, दुसरीने दोन मिनिटं गप्प बसायचं. मान हलवायची, "हं" म्हणायचं, एवढीच परवानगी. ऐकणाऱ्या अक्षरशः खुर्चीत चुळबुळ करतात, हातातलं पेन फिरवतात, एकीने तर स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता कारण सल्ला ओठापर्यंत आला होता. दोन मिनिटं संपल्यावर बोलणारीला विचारलं की कसं वाटलं, तर हमखास उत्तर येतं, "माझं बोलून दीड मिनिटातच झालं होतं." डॉक्टर, चार मिनिटांतलं दीड मिनिट. मला वाटतं तेवढं परवडतं, कारण ते नाही दिलं तर तोच पेशंट पुढच्या आठवड्यात डोकेदुखी घेऊन येतो, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाठदुखी.

डॉ_तळटीप
पाठदुखीचं खरं आहे. माझ्याकडे अशी किमान दहा कार्डं आहेत ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि तरी ती माणसं येत राहतात. हा प्रयोग मी करून बघतो.

केतकी_२
मी पलीकडच्या बाजूची. बारा वर्षांपासून बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उंच जातं, कधी पार खाली, गोळ्या चालू आहेत, नोकरी करते. लिहू की नको असं चाललं होतं पण लिहितेच.

मागे एकदा पोटात प्रचंड दुखत होतं म्हणून दवाखान्यात गेले. फाईलवर माझ्या गोळ्या बघितल्या आणि तिथल्या सिस्टर डॉक्टरांना माझ्यासमोरच म्हणाल्या, "सायकची पेशंट आहे." त्यानंतर माझ्या पोटाकडे कोणी नीट बघितलंच नाही, ताणामुळे होतंय म्हणाले. तीन दिवसांनी दुसरीकडे पित्ताशयात खडे निघाले. मला त्या सिस्टरचं नाव नको, जागा नको, काही नको. फक्त ट्रेनिंगमध्ये हे शिकवा की आम्हाला पोट असतं, गुडघे असतात, दात असतात.

निळीशाई
केतकी, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुम्हाला जे झालं ते जगभर होतं. गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांचं आयुष्य बाकीच्यांपेक्षा साधारण १० ते २० वर्षांनी कमी भरतं आणि त्यातले बरेच मृत्यू हे हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा टाळता येण्याजोग्या किंवा वेळेत उपचार होऊ शकणाऱ्या कारणांनी होतात. मी ही गोष्ट आकड्यासकट सांगते तेव्हा लोक लिहून घेतात. पण बदल कधी दिसतो सांगू? तुमच्यासारखी व्यक्ती समोर उभी राहून बोलते तेव्हा. मानसिक आजाराला चिकटलेला कलंक कमी करण्यावर जे संशोधन झालंय तेही हेच सांगतं, नुसत्या माहितीपेक्षा प्रत्यक्ष भेट, समोरासमोर आणि बरोबरीच्या नात्याने, जास्त काम करते. म्हणून आता माझ्या प्रत्येक ट्रेनिंगला आजारातून गेलेली एक व्यक्ती सहप्रशिक्षक असते, मानधन मला मिळतं तेवढंच तिलाही. पाहुणी म्हणून शेवटची पंधरा मिनिटं नाही, सकाळपासून.

रातराणी
सगळ्यांचं वाचते आहे. मी केअरटेकर आहे, घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करते. आंघोळ, कपडे, गोळ्या. मला कोणी असलं ट्रेनिंग दिलं नाही, उचलायचं कसं आणि डायपर बदलायचा कसा एवढंच दिलं. पण मी रोज दोन तास असते तिथं, डॉक्टर महिन्यातून एकदा. एक आजी आहेत, आधी रोज केस विंचरून घ्यायच्या माझ्याकडून, फणी स्वतः काढून ठेवायच्या. आता तीन आठवडे झाले, फणी तिथंच, म्हणतात राहूदे कोणाला दाखवायचंय. जेवणपण अर्धं ठेवतात. मला कळतंय की काहीतरी बिनसलंय पण मी काय डॉक्टर नाही, कोणाला सांगू आणि आजींना काय विचारू. चुकीचं विचारलं तर वाढेल का हीपण भीती वाटते.

निळीशाई
रातराणी, तू जे बघितलंस ना ती फणी, ते कुठल्याही फॉर्मवर येत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात जास्त तुझ्यासारख्यांना दिसतं आणि सगळ्यात कमी ट्रेनिंगही तुम्हालाच मिळतं, याचा मला मनापासून राग येतो.

डॉक्टर नसलेल्या माणसांनी हे काम करता येतं का, तर येतं, आणि याचा पुरावा पक्का आहे. झिम्बाब्वेमध्ये हरारेला डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ पासून दवाखान्याबाहेर लाकडी बाक ठेवून त्यावर आरोग्यकाम करणाऱ्या आज्यांना बसवलं, समोरच्याचं ऐकून त्याच्या अडचणीतली एक अडचण निवडून ती सोडवायला मदत करायची, अशी सहा भेटींची पद्धत शिकवली. २०१६ मध्ये त्याची शास्त्रीय चाचणी छापून आली, ५७३ लोक होते, बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली. आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे, तिथल्या शोना भाषेत या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, अर्थ होतो फार विचार करणं. आमच्या सिस्टर ज्याला "फार विचार करू नका" म्हणून वाटेला लावत होत्या, तेच तिथे आजाराचं नाव आहे आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

तसंच रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना शिकवून डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांच्या १६ भेटी करून घेतल्या. २००८ मध्ये निकाल आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या भेटी मिळालेल्या आयांमध्ये २३ टक्के अजून डिप्रेशनमध्ये होत्या, ज्यांना साध्या भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्के. आधी या सेविकांचा मानसिक आजारांशी काही संबंध नव्हता. ट्रेनिंगही फार लांबलचक नव्हतं, पण दर महिन्याला त्यांना एकत्र बसवून अडलेलं नडलेलं सोडवलं जायचं. माझ्या मते सगळं मर्म त्या दर महिन्याच्या बैठकीत आहे.

आता तुझ्या आजींचं. विचारल्याने वाढत नाही. आत्महत्येबद्दल थेट विचारल्यानेसुद्धा तो विचार डोक्यात घुसत नाही, यावर अभ्यास झालेत, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. तू काम करता करताच म्हण, "आजी, तुम्ही फणी काढत नाही हल्ली, जेवणही कमी झालंय, मला काळजी वाटते." मग थांब. शांतता झाली तर भरून काढू नकोस. त्या बोलल्या तर ऐक. "जगून काय करायचं" असं काही आलं तर घाबरू नकोस, सरळ विचार, "आजी, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" हो म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडायचं नाही, त्यांच्या गोळ्या हाताशी राहणार नाहीत हे बघायचं आणि घरच्यांना आणि तुझ्या ऑफिसला तेव्हाच्या तेव्हा फोन. हे गुपित ठेवायचं नाही आणि ठेवणार नाही हे आजींनाही प्रेमाने सांगायचं. नाही म्हणाल्या तरी ऑफिसला आजच कळव, डॉक्टरांनी बघायला हवं. म्हातारपणी भूक जाणं, गप्प होणं याला थायरॉइड, गोळ्यांचा परिणाम, कुठला तरी संसर्ग अशीही कारणं असतात, ते शोधायचं काम तुझं नाही.

पाऊलवाट
रातराणीला +१. आणि ताई, त्या दर महिन्याच्या बैठकीबद्दल, म्हणजे सुपरव्हिजनबद्दल अजून लिहा ना. आमच्याकडे सुपरव्हिजन म्हणजे किती घरभेटी झाल्या आणि रजिस्टर भरलं का.

निळीशाई
तेच तर. रजिस्टर बघणं ही तपासणी झाली. मी म्हणते ती सुपरव्हिजन अशी, की पाच-सहा जणी, महिन्यातून दीड-दोन तास, एक अनुभवी व्यक्ती. प्रत्येक वेळी एकीने आपली एक केस मांडायची, नाव गाव न सांगता, जिथे अडलं तिथपासून. मग तोच प्रसंग तिथेच करून बघायचा, एकीने पेशंट व्हायचं. चूक दाखवताना "इथे तू सल्ला दिलास" म्हणून थांबायचं नाही, "चल परत तिथूनच घे" म्हणायचं आणि तिने ते वाक्य परत बोलायचं.

मोजायचं असेल तर तेही नीट मोजता येतं. ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये १८ मुद्द्यांची एक पद्धत तयार केली, रोल प्लेमध्ये (म्हणजे असा प्रसंग वठवताना) बघून मार्क द्यायचे, माणसाने नजर कशी ठेवली, प्रश्न मोकळे विचारले का, समोरच्याच्या भावना ओळखून बोलून दाखवल्या का, कुटुंबाला कसं सामील करून घेतलं. पुढे त्या विचारावर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून साधनं तयार केली. मी लेखी टेस्ट बंदच केली आता. लेखीत ९० टक्के मिळवणारी रोल प्लेमध्ये पहिल्या मिनिटात "अहो सगळं ठीक होईल" म्हणते, हे इतक्यांदा बघितलंय.

सांजवेळ
मी एका संस्थेत ट्रेनिंगचं नियोजन करते, पैशाची बाजू माझ्याकडे असते. खरं सांगते, वरून विचारतात किती लोकांना ट्रेन केलं. दोनशे म्हटलं की रिपोर्ट छान दिसतो. पंधरा जणींना वर्षभर दर महिन्याला म्हटलं की विचारतात एवढेच का. मला ताईंचं पटतंय, पण हे वरच्यांना कसं पटवायचं?

आणि दुसरं, आमच्याच बायका थकल्यात. कोविडनंतर तीन जणींनी काम सोडलं. त्यांना दुसऱ्यांचं मन सांभाळायला शिकवायचं आणि त्यांचं कोण बघणार?

निळीशाई
सांजवेळ, पहिल्याचं उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे. मी एका ठिकाणी एवढंच केलं की रिपोर्टमध्ये "किती जणांना ट्रेन केलं" याच्या खाली अजून एक ओळ घातली, "सहा महिन्यांनी किती जणी अजून वापरत आहेत". पहिल्या वर्षी तो आकडा इतका लाजिरवाणा आला की पुढच्या वर्षी महिन्याच्या बैठकींना पैसे मिळाले. झाकून काही ठेवलं नाही म्हणूनच मिळाले.

दुसऱ्याबद्दल मात्र मी ठाम आहे. थकवा घालवायला प्राणायामाचं एक सेशन ठेवलं की झालं, असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआऊटला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी जोडलेली ती स्थिती आहे असं म्हटलंय. म्हणजे बोट बाईकडे नाही, कामाकडे आहे. ड्युटी किती तासांची, रात्रीनंतर सुट्टी मिळते का, पेशंट अंगावर धावून आला तर मागे कोण उभं राहतं, एखादा पेशंट गेला तर दुसऱ्या दिवशी त्याच बेडवर नवा घेताना पाच मिनिटं बसायला मिळतात का. हे सुधारलं नाही तर माझं ट्रेनिंग त्यांच्यावर आणखी एक ओझं होतं. एक सूचना, वाईट प्रसंगानंतर सगळ्यांना एकत्र बसवून "काय काय बघितलंत ते सविस्तर सांगा" असं एकदाच करून घेणं टाळा. त्याने नंतरचा त्रास टळत नाही, काहींना उलट जास्त होतो, असं दिसून आलंय. ज्याला बोलायचंय त्याला जागा द्या, ज्याला नाही त्याला चहा द्या आणि घरी सोडा.

डॉ_तळटीप
चार दिवसांनी लिहितोय. त्या दहा कार्डांपैकी एक पेशंट आला. मी पेन खाली ठेवलं आणि घड्याळाकडे बघत नुसतं ऐकलं. एक मिनिट चाळीस सेकंद. मुलाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. गोळी बदलली नाही. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. आमच्या दोन्ही सिस्टरना तुमच्या वर्गात पाठवायचंय, मीही येईन म्हणतो.

निळीशाई
डॉक्टर, नक्की या. सिस्टरबरोबर या, वेगळी बॅच नको. रोल प्लेमध्ये पेशंट तुम्ही व्हायचं.

रातराणी
ताई, विचारलं आज. टॉवेलच्या घड्या घालता घालता म्हटलं तुम्ही सांगितलं तसंच. काही बोलल्या नाहीत. मी मनात आकडे मोजत होते, बावीसपर्यंत गेले. मग म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीला जाऊन तीन आठवडे झाले, घरात कोणी विषयच काढत नाही, आजीला त्रास नको म्हणून. मी म्हटलं मला सांगा ना त्या कशा होत्या. तर बहिणीचे केस कमरेखाली होते आणि लहानपणी ह्याच विंचरायच्या, ते सांगत बसल्या. रडल्यापण. मला वाटलं मी चूक केली पण नंतर हात धरून ठेवला माझा. ते दुसरंपण विचारलं घाबरत घाबरत, नाही म्हणाल्या, तसलं काही नाही गं. ऑफिसला कळवलंय, सिस्टर उद्या बघायला येणार आहेत. केस नाही विंचरले आज, पण फणी कुठे आहे विचारलं.

निळीशाई
रातराणी, तू जे केलंस त्यात काही चूक नाही. उद्या सिस्टर आल्या की बहिणीचं त्यांनाही सांग, आजींना विचारून. आणि तुला स्वतःला आज जड गेलं असेल, रात्री बोलायचं असेल तर व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) नंबर ठेवलाय, दहापर्यंत जागी आहे.